पाटीवर जुनं नावही हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नामांतराचा विषय निघाला की खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही साखळी हमखास सांगितली जाते. राज्य बदललं, नाव बदललं. आपल्या नागपूरचं तसं झालं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा उल्लेख आहे. पुढे छिंदवाड्याकडच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून शहर वसवलं, त्याचंही नाव नागपूरच. नाग नदीवरून पडलं असं सांगतात. मग भोसले आले. १८५३ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तेव्हाही त्यांच्या दप्तरात ‘नागपोर’ झालं एवढंच. त्या बारांपैकी सक्करदरा, सीताबर्डी, फुटाळा ही नावं आजही रोज आपल्या तोंडी असतात.

नावं बदलली ती शहराच्या पोटात. मी महाल भागात राहतो. मागच्या महिन्यात गांधी गेटपाशी नातीने विचारलं, “आबा, हे गांधीजींनी बांधलं का?” तिचं काय चुकलं? नावावरून तिने अर्थ लावला. तो जुम्मा दरवाजा. बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराला तट घातला, त्या तटाचा हा दरवाजा. जवळचा तलावही जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तोच शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. जुम्मा आणि शुक्रवारी या दोन शब्दांत इथे किती बोली शेजारी नांदल्या ते कळतं. पुण्यात रविवार पेठ आहे, आपल्याकडे इतवारी. तिला ‘रविवारी’ म्हणावं असं कुणा नागपूरकराच्या मनातही येत नाही!

मॉरिस कॉलेजला आता वसंतराव नाईकांचं नाव आहे, मेयो रुग्णालयाला इंदिरा गांधींचं. ऑटोवाल्याला मात्र जुनंच नाव सांगावं लागतं.

गांधीजींच्या किंवा कुणाच्याही नावाला माझा विरोध नाही. महानगरपालिकेला विनंती एवढीच, की जिथे नाव बदललं तिथल्या पाटीवर आधीची नावंही त्याच ठळक अक्षरांत लिहावीत. ती कुणाच्या काळातली, तेही एका ओळीत. कोपऱ्यात बारीक टायपात नको, शाळकरी पोराला रस्त्यावरून वाचता यावं. सुरुवात गांधी गेटपासून करावी. आणि तिथली पाटी मराठीसोबत गोंडीतही असावी. ज्या समाजाच्या राजाने हे शहर वसवलं, त्या समाजाची ती भाषा आहे, आणि नागपुरात ती कुठल्या चौकात लिहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर