आई-बाबांना, कादंबरी निवडण्याबद्दल

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

परवा फोनवर तुमचं दोघांचं जे चाललं होतं, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. बाबांचं म्हणणं, कथानक नसेल तर गोष्ट वाचायची कशाला? आईचं म्हणणं, माणसं जिवंत असली की काही घडलं नाही तरी चालतं. भाषेचं नाव मात्र दोघांनीही घेतलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. रात्री जेवणानंतर अर्धा तास आई मोठ्याने वाचणार आणि बाबा ऐकणार, या तुमच्या आताच्या पद्धतीत भाषेचा नंबर पहिला लागतो, माणसांचा दुसरा आणि कथानकाचा तिसरा. बाबा, रागावू नका, कारण सांगते.

आधी साधा हिशेब करू. डेमी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या कादंबरीच्या भरल्या पानावर साधारण ३०० शब्द असतात. दम न लागता, नीट अर्थ पोचेल असं वाचलं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. म्हणजे एका पानाला अडीच मिनिटं. मध्ये पाणी पिणं, चष्मा पुसणं, "हे परत वाच" म्हणणं धरलं तर अर्ध्या तासात ८ ते १० पानं. २५६ पानांची कादंबरी, छापखान्याच्या भाषेत १६ पानांचे १६ फर्मे, संपायला तुम्हाला महिना लागणार.

कथानक चालतं ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर. बाराव्या पानावर कोणीतरी किल्ली फुलदाणीत टाकली आणि १८०व्या पानावर ती सापडली, तर ती टाकलेली आठवत असेल तरच सापडण्याची गंमत. दुपारभरात पुस्तक संपवणाऱ्याला मध्ये तीन-चार तास जातात, तुम्हाला जवळजवळ तीन आठवडे. रहस्यकथा तुम्हाला हल्ली 'जमत नाहीत' त्याचं कारण वय नाही, ही फट आहे. कथानकाचा मोबदला शेवटी एकरकमी मिळतो. भाषेचा त्याच रात्री, त्याच पानावर मिळतो, त्यासाठी मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. माणसांचं या दोन्हींच्या मधलं आहे. ती उभी राहायला ४०-५० पानं जातात, पण एकदा उभी राहिली की दुसऱ्या दिवशी एका वाक्यात परत येतात. एखादीच्या तोंडचं एक बोलणं ऐकलं की ती कोण, कुणाची, कुणावर रुसलेली, सगळं आठवतं.

बाबा, तुमच्या बाजूने फार मोठा माणूस उभा आहे हे मान्य. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितले, त्यात कथानकाला आत्मा म्हटलं, स्वभावचित्रणाला दुसरी जागा दिली आणि भाषेला चौथी. पण भरताने नाट्यशास्त्रात इतिवृत्ताला, म्हणजे कथानकालाच, नाट्याचं शरीर म्हटलं आहे. एकाच गोष्टीला एकाने आत्मा म्हटलं आणि दुसऱ्याने शरीर! मला भरताचं जास्त पटतं, कारण त्याने त्या शरीराचे पाच संधीही मोजून दिले: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. शरीर नीट जुळलेलं हवंच. सांधा निखळला की चाल बिघडते. मात्र ही दोघंही रंगमंचाबद्दल बोलत होती, जिथे प्रेक्षक एका बैठकीत सगळं बघून उठतो. रोज आठ पानांचा हिशेब त्यांच्यासमोर नव्हता.

आता 'भाषा' म्हणजे काय, ते एका तुकड्यावर दाखवते. भाषा म्हटलं की फुलोरा, उपमा, संस्कृतप्रचुर शब्द असा समज आहे, आणि त्या समजानेच लोक तिला तिसऱ्या नंबरवर टाकतात. हे वाक्य बघा:

'पतीच्या निधनाने सुमतीबाईंना अत्यंत एकाकी वाटू लागले आणि रात्र त्यांना खायला उठे.'

आणि हे:

'रात्री दार लावताना सुमतीबाईंचा हात खालच्या कडीवरच थांबला. वरची अण्णा लावायचे. त्यांचा हात पोचायचा. बाईंनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, त्यावर चढून वरची कडी लावली. स्टूल दाराशीच राहू दिलं.'

पहिल्यात निधन, एकाकी, रात्र, सगळं सांगून झालं आणि ऐकणाऱ्याला करायला काही उरलं नाही. दुसऱ्यात अण्णा गेले असं कुठेच लिहिलेलं नाही. ते 'लावायचे' आणि 'पोचायचा' या दोन क्रियापदांनी सांगितलं. शेवटचा हा '-आयचे', '-आयचा' प्रत्यय आपल्या बोलण्यात किती काम करतो बघा: रोजचं होतं, घरातलं होतं, आता नाही. त्या जागी 'लावत असत' घालून वाचा. अर्थ तोच राहील, पण बाई एकदम पुस्तकातली होईल. खालच्या कडीवर भागलं असतं तरी त्यांनी वरचीही लावली, त्यात बाईंचा स्वभाव आला. स्टूल दाराशी राहू दिलं, त्यात कथानक आलं, कारण उद्यापासून रोज हेच करायचं हे त्यांनी ठरवलं. जागेवर ठेवलं असतं तर ती वेगळी बाई झाली असती आणि गोष्टही वेगळीकडे गेली असती. एवढ्याशा तुकड्यात तिन्ही आहेत आणि तिन्ही वाहून नेतायत ती क्रियापदं. म्हणून मी भाषेला पहिली मानते.

वाचनालयात कपाटापाशी उभं राहून पुस्तक कसं तपासायचं ते सांगते. दहा मिनिटं पुरतात. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, तिथे निवडायला कमी नाही, पण मलपृष्ठावरच्या मजकुरावर जाऊ नका, तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो. मधलं कुठलंही संवादाचं पान उघडा आणि 'म्हणाला', 'म्हणाली' मनातल्या मनात गाळून वाचा. कोण बोलतंय ते तरी कळलं तर माणसं वेगळी आहेत. आजी, इन्स्पेक्टर आणि शाळेतली नात एकाच सुरात, पूर्ण वाक्यांत, नीट व्याकरणात बोलत असतील तर पुस्तकात एकच माणूस आहे, लेखक. मग संवाद नसलेला एक परिच्छेद आईने अगदी हळू आवाजात वाचावा. जिथे श्वास अडतो तिथे विरामचिन्ह आहे का? नामाआधी दोन-दोन, तीन-तीन विशेषणं चिकटली आहेत का? 'गोरापान वर्ण, पाणीदार डोळे, धारदार नाक' अशी माणसाची ओळख करून दिली असेल तर पुढे तो माणूस आठवणार नाही. कारण ही यादी कुणालाही लागू पडते.

कथानक तपासायला एका प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद आणि पुढच्याचा पहिला वाचा. दोहोंच्या मध्ये मनात 'मग' येतं, की 'म्हणून' किंवा 'पण' येतं? ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली हा फरक राजा-राणीवरून सांगितला होता. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. सलग चार प्रकरणं नुसती 'मग, मग' अशी जोडलेली निघाली तर बाबांनी ते पुस्तक परत ठेवावं, दहाव्या दिवशी कंटाळा येणारच.

पुस्तक घरी आणल्यावर सोडायचं कधी? यात तुम्ही दोघंही फार सोसता. घेतलं की संपवायचं, हा नियम सोडा. भाषा कानाला टोचली तर पहिल्या रात्रीच बंद करा, ती पुढे सुधारत नाही. पाचव्या पानावर ज्याला वाक्य जमत नाही त्याला दीडशेव्यावरही जमलेलं मी पाहिलेलं नाही. माणसं फिकी वाटली तर पहिला पेच येईपर्यंत थांबा. पेच म्हणजे दोन हव्याशा गोष्टींतली एक सोडावी लागणं, किंवा दोन नकोशांतली एक धरावी लागणं. माणूस तिथेच दिसतो. साधारण तीन-चार फर्म्यांत असा प्रसंग आला नाही तर पुढे येईल अशी आशा कमी. कथानक मंद असेल तर मात्र सगळ्यात जास्त सवलत द्या, चांगल्या कादंबऱ्या उशिरा वेग घेतात.

कथानकाचा शेवट फसतो तो बहुधा योगायोगाने. योगायोगाने संकट आलं तर आपण मानतो, कारण आयुष्यातही तसंच होतं. योगायोगाने सुटका झाली तर फसवल्यासारखं वाटतं. दुसरी फसगत निवेदकाची: त्याला सगळं माहीत असतं, आपण त्याच्या डोक्यात बसून दोनशे पानं काढलेली असतात आणि नेमकी एकच गोष्ट त्याने दडवलेली असते. आणि शेवटच्या फर्म्यात लेखकाची घाई. दहा वर्षं दोन पानांत, लग्नं, मृत्यू, पत्रं, सगळं उरकलेलं. मोठ्याने वाचताना ही घाई लगेच कळते, आईचा आवाज बातम्या वाचल्यासारखा होतो.

शेवटचं पान आधी वाचण्यावरून आईला बाबा बोलतात, त्याबद्दलही थोडं. सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली १२ लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निघालं, तेव्हा आईने फार विजयी होऊ नये. पण आपल्याकडे कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचं आख्यान लागतं तेव्हा मंडपातल्या कुणाला शेवट माहीत नसतो? लोक बुवा तो प्रसंग कसा उभा करतात ते ऐकायला बसतात. बाबा, तुम्हीही रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा नायक झुंझार मरणार नाही हे माहीत असूनच वाचायचात. हजाराच्या वर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने वाचक बांधून ठेवला तो काही 'शेवटी काय' एवढ्यावर नाही.

वाचताना तीन गोष्टी करून बघा. पुस्तकात एक जाड कागदाची पट्टी ठेवा, तिच्यावर नावं आणि नाती लिहा: कोण कुणाचा कोण, पहिल्यांदा कितव्या पानावर. आठ-दहा नावांच्या वर पट्टी गेली की ते पुस्तक तुमच्या पद्धतीला जड आहे असं समजा. रोज सुरुवात आदल्या दिवशीचं शेवटचं अर्धं पान परत वाचून करा. आणि थांबताना प्रकरण संपवून थांबू नका, प्रसंगाच्या मध्ये, कुणीतरी बोललं आहे आणि उत्तर आलेलं नाही अशा जागी थांबा. प्रकरणाच्या शेवटी मन मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं गोळा करावं लागतं.

तलावपाळीवर फिरताना बाबा कानात लावून ऐकतात त्यासाठी मात्र वेगळा नियम. तिथे पान उलटून मागे जाता येत नाही आणि रस्त्याच्या आवाजात अर्धं वाक्य जातं. एका फेरीत संपणारी कथा लावा. कथानकाची तुमची हौस तिथे भागेल, आणि घरी दिवाळी अंकातल्या कथांवरही. १९०९च्या 'मनोरंजन'पासून हा प्रकार आपल्याकडे आहे, आणि दहा-बारा पानांची कथा एका रात्रीत पुरी होते. किल्ली आणि फुलदाणी दोन्ही त्याच अर्ध्या तासात. तिथे मी कथानकाला आनंदाने पहिला नंबर देईन. भाषांतरित रहस्यकथाही चालेल, कथानक भाषांतरात फारसं सांडत नाही. पण भाषेसाठी नावाजलेलं परभाषेतलं पुस्तक घेताना भाषांतरकाराचं नाव बघा, कारण वाचायची आहे ती त्याची मराठी. 'त्याच्याद्वारे केले गेले' छापाची वाक्यं पहिल्या दोन पानांत दिसली की ठेवून द्या.

सुरुवात कशाने करावी म्हणाल तर 'बनगरवाडी' परत काढा. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटीशी कादंबरी १९५५ची. घडतं किती? मास्तर वाडीवर येतो, तालीम उभी राहते, पाऊस पडत नाही, वाडी उठते. बाबा, तुमच्या मापाने कथानक चार ओळींचं. पण आईने पहिली पाच पानं मोठ्याने वाचावी आणि तुम्ही फक्त एवढं मोजावं की किती ठिकाणी एखादं विशेषण गाळता आलं असतं. आकडा पुढच्या रविवारी सांगा. मी सकाळी ट्रान्स-हार्बरने येते, दहापर्यंत पोचेन. पट्टीसाठी जाड कागद घेऊन येते.

तुमची,
मंजू