सोमवारचं मैदान पुन्हा उघडा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या एका गोल्फ क्लबात मी २२ वर्षं कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारा, होतो. सोमवारी मैदान मेंबरांसाठी बंद असायचं, तेव्हा आम्हाला खेळायला मिळायचं. माझा भाचा तिथेच शिकला, एका मेंबरने टाकून दिलेल्या काठ्यांच्या सेटवर. आज तो पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फच्या, टूरवर खेळतो. गोल्फ श्रीमंतांचा खेळ, असं लोक म्हणतात. ज्यांच्या बॅगा आम्ही उचलल्या त्यांच्यापुरतं ते खरंच आहे.

गेल्या हंगामात जमशेदपूरच्या स्पर्धेत भाच्याची बॅग मीच उचलली होती. दुसऱ्या दिवसाचा शेवटचा होल, चार फुटांचा पट, म्हणजे बॉल कपात ढकलायचा हलका फटका. बॉल कपाच्या कडेवर चढला, अर्धी गिरकी घेऊन बाहेर आला. कट, म्हणजे पुढच्या फेऱ्या खेळायची पात्रता, एका फटक्याने हुकला. आमच्याकडे दोन दिवसांनंतर निम्म्याहून जास्त खेळाडू घरी जातात आणि त्यांच्या हाती बक्षिसाचा एक रुपया येत नाही. एंट्री फी, लॉज, जेवण सगळं पदरचं. परतीचं तिकीट शेवटच्या फेरीनंतरचं काढलं होतं, ते बदलायलाही पैसे गेले. गाडीत पोरगं टाटानगर ते पुणे एक शब्द बोललं नाही.

मी त्याला गोल्फपटू अनिर्बन लाहिरीची गोष्ट सांगितली. जन्म पुण्याचाच. २०१५ साली त्याने मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन जिंकल्या, पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला, अमेरिकेविरुद्धच्या प्रेसिडेंट्स कपसाठी आंतरराष्ट्रीय संघात गेलेला पहिला भारतीय ठरला. तिथे कोरियात, शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर असाच छोटा पट हुकला आणि त्याचा संघ एका गुणाने हरला. पुढे जागतिक क्रमवारीत तो तीनशेच्याही खाली घसरला. त्याच माणसाने २०२२ च्या अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा नंबर काढला, तोही फक्त एका फटक्याने मागे राहून. त्या एका आठवड्यात त्याला जवळपास २२ लाख डॉलर मिळाले. मधली सहा-सात वर्षं टिकून राहायला त्याच्याकडे आधीची कमाई होती. माझ्या भाच्याकडे माझी पेन्शनही नाही, कारण कॅडीला पेन्शन नसते.

आपल्याकडचं क्रीडा धोरण पदक मोजतं. पदक आलं की सत्कार, रोख रक्कम, नोकरी. चांगलंच आहे ते. पण गोल्फमध्ये वर्षाला वीसेक आठवडे खेळायचं असतं आणि त्यातले बरेचसे वाया जातात, उत्तम खेळाडूचेसुद्धा. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर. तोवर तो राखीव यादीत ताटकळत होता. अशा ताटकळणाऱ्यासाठी आपल्या कुठल्या योजनेत रकाना आहे?

म्हणून मागणी सरळ आहे. टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, असलेल्या राज्यातल्या खेळाडूंना तीन वर्षं प्रवास आणि एंट्री फीचा खर्च द्या आणि त्या तीन वर्षांत निकाल मागू नका. फार तर स्पर्धांची हजेरी तपासा. पैसे खायचे असतील तर कोणी जमशेदपूरच्या उन्हात १८ होल चालत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

दुसरी मागणी सोमवारची. आमच्या क्लबाने तो सोमवार आता कंपन्यांच्या स्पर्धांना देऊन टाकला आहे. कॅडींची पोरं कुंपणाबाहेरून बघतात. सिडकोने खारघरला सर्वांसाठी खुलं मैदान केलं, पण पुण्यातलं पोर रोज खारघरला कसं जाणार? जे क्लब सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत, त्यांच्या करारात आठवड्याचा एक दिवस कॅडींच्या मुलांसाठी लिहून घ्या.

अर्जुन अटवालचं अमेरिकेतलं टूर कार्ड २०१० मध्ये गेलं होतं. सोमवारची पात्रता फेरी खेळून तो विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि रविवारी जिंकला. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य टूरवर, जिंकलेला पहिला भारतीय. त्यालाही सोमवारच मिळाला होता.

आपला,
एक माजी कॅडी, पुणे