ताई, तुम्ही ते वाक्य खोडून परत लिहिलंत

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हीच नको म्हणालात. पण हे सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलंय, कारण त्या दिवशी कॉन्फरन्समधे माझा पाणउतारा पण सगळ्यांसमोरच झाला होता. परत येऊन तीन आठवडे झाले तरी ते आठवलं की घसा दाटून येतो, त्यामुळे वाक्यं जरा वेडीवाकडी येतील, सांभाळून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी अमेरिकेत एका काउंटी ऑफिसात स्नॅपचे अर्ज तपासते. स्नॅप म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प, २००८ मध्ये नाव बदललं. कमी उत्पन्नाच्या घरांना दर महिन्याला एका कार्डावर किराण्यापुरते पैसे येतात, देशभरात चार कोटींच्या आसपास माणसं यावर अवलंबून आहेत. अर्ज आला की ३० दिवसांत निर्णय द्यायचा, घरात अगदीच काही नसेल तर ७ दिवसांत. मुलाखत घ्यायची, पगाराच्या स्लिपा बघायच्या, आणि ठरावीक महिन्यांनी परत सगळं पहिल्यापासून तपासायचं, त्याला आम्ही रिन्यूअल म्हणतो. नऊ वर्षं मी हेच करतेय आणि हे काम मला मनापासून आवडतं.

या नऊ वर्षांत एकच गोष्ट मला झोपू देत नव्हती. रिन्यूअलची मुलाखत हल्ली फोनवर होते. आमच्या ऑफिसातून फोन गेला की समोरच्याला नंबर दिसत नाही, नुसतं ‘प्रायव्हेट’ दिसतं. आता असा फोन कोण उचलतो? मी स्वतः उचलत नाही. एक बाई होत्या माझ्या केसमधे, रात्रपाळीला साफसफाईचं काम, दोन लहान मुलं. त्यांना आम्ही सकाळी साडेनऊला फोन केला, म्हणजे त्या कामावरून येऊन, मुलांना शाळेत सोडून नुकत्या आडव्या झालेल्या असणार. फोन वाजला असेल, थांबला असेल. मग मुलाखत चुकल्याची नोटीस पोस्टानं गेली, ती त्यांना समजली नाही, मुदत संपली, केस बंद. त्यांना कळलं कधी, तर दुकानात कार्ड चाललं नाही तेव्हा. मागे रांग उभी, आणि त्या काउंटरच्या पट्ट्यावरचं दूध उचलून परत ठेवत होत्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, रडत नव्हत्या, अगदी सपाट आवाजात, आणि म्हणूनच माझ्या जास्त डोक्यात बसलं. महिन्याभरानी त्या परत आल्या तर तीच मुलं, तोच पगार, तेच कागद, आणि केस मंजूर! म्हणजे त्या पात्र होत्याच, एक दिवस पण अपात्र नव्हत्या. मधल्या दिवसांचे पैसे मात्र गेले ते गेले.

अशा केसेसच्या मी वहीत खुणा करायला लागले. वही भरत गेली तशी वर लिहायला लागले. सुपरवायझरना लिहिलं, ते म्हणाले फोन उचलणं ही त्यांची जबाबदारी. त्यांच्या वरच्यांना लिहिलं, त्यांनी उत्तरच दिलं नाही. मग परत लिहिलं तर ‘तुमची सूचना नोंदवली आहे’ असं आलं, आणि ती कुठे नोंदवली ते आजतागायत कळलेलं नाही. मला राग नकाराचा नाही, खरंच. राग याचा आहे की एकानेही विचारलं नाही की त्या बाईंचं पुढे काय झालं.

तर त्या कॉन्फरन्सला मी आले ती आमच्या साहेबांना ऐनवेळी जमलं नाही म्हणून. देशभरातून अशा योजना चालवणारी मोठी मोठी माणसं, राज्यांचे डायरेक्टर, पॉलिसीवाले, सॉफ्टवेअर कंपन्यांचे स्टॉल, आणि त्यात मी, रोज फोनवर बसणारी. पहिल्या सत्रात जुना इतिहास सांगितला तो मला फार आवडला, १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमधे पहिल्यांदा स्टॅम्प विकले गेले, नारिंगी विकत घ्यायचे आणि त्यावर निळे फुकट मिळायचे, निळ्यांवर सरकारकडे जास्त झालेला शेतमाल घेता यायचा. ते काही वर्षांत बंद पडलं, मग १९६४ मधे कायदा झाला. ऐकताना वाटलं की आपण केवढ्या मोठ्या साखळीतली एक कडी आहोत.

पण त्यानंतर दोन दिवस सगळीकडे एकच विषय होता, एरर रेट, म्हणजे वाटलेल्या पैशांत किती टक्के चूक झाली तो आकडा. २०२५ च्या जुलैमधे नवीन कायदा झाला त्यामुळे सगळी राज्यं धास्तावली आहेत, मला समजतं ते. आजवर बेनिफिटचे पूर्ण पैसे केंद्र देत होतं, पण २०२८ च्या आर्थिक वर्षापासून ज्या राज्याचा पेमेंट एरर रेट ६ टक्के किंवा जास्त त्याला ५ ते १५ टक्क्यांपर्यंतचा भार स्वतः उचलावा लागणार, आणि २०२४ सालचा देशाचा सरासरी आकडा होता १०.९३ टक्के. म्हणजे भीती खरी आहे. लोकांना वाटतं एरर म्हणजे लबाडी, तसं नाहीये, जास्त दिलेले आणि कमी दिलेले दोन्ही त्यात मोजतात, आणि बऱ्याचदा साधी चूक असते, कधी त्या घराची, कधी आमची.

पण त्या आकड्यात माझ्या त्या बाई कुठे आहेत? नाहीयेत! ज्यांना पैसे मिळतायत त्यांच्यातल्याच चुका त्यात येतात. ज्याची केस चुकीची बंद झाली, ज्याला चुकीचा नकार गेला, त्याच्यासाठी वेगळा आकडा आहे, त्याला केपर म्हणतात, आणि तो कितीही वाईट असला तरी राज्याला दंड नाही. जिथे दंड नाही तिथे लक्ष नाही. तीन वर्षं मनात घोळत होतं ते हेच, म्हणून मी धीर करून त्या मोठ्या हॉलमधे माईकपाशी गेले.

माझा प्रश्न अर्धा पण झाला नव्हता. इंटरव्ह्यूचा फोन, प्रायव्हेट नंबर, एवढं बोलले असेन, तोवर सूत्रसंचालक हसून म्हणाले की हा ऑपरेशन्सचा प्रश्न आहे, यावर आपण नंतर बाजूला बोलू, आणि पुढच्या माणसाकडे हात केला. मागे कोणीतरी हसलं पण. कदाचित माझ्यावर नसेल, तेव्हा मात्र मला तसंच वाटलं. जागेवर परत जाताना कोणाची नजर कोणाला भेटेना. आणि ते ‘नंतर’ अर्थातच आलं नाही, सत्र संपल्यावर ते माझ्या समोरून गेले, ओळख पण दाखवली नाही. फोनवरच्या बाईला सुद्धा आम्ही असंच ‘नंतर’ सांगतो का, असं तेव्हा मनात आलं.

मी कॉरिडॉरमधे गेले, भिंतीला टेकून चार्जिंगच्या प्लगपाशी खाली बसले आणि नवऱ्याला फोन लावला. “काही नाही रे, उगाच आले मी इथे” एवढंच म्हणाले असेन, आणि वरून आवाज आला, “उगाच नाही आलात.”

ताई, त्या इमारतीत मराठी ऐकू येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि वर बघते तर तुम्ही, सकाळी स्टेजवर बसलेल्या, एका राज्याच्या एवढ्या वरच्या पदावरच्या. तुम्ही मला उठवलं नाहीत. बॅग बाजूला ठेवून सरळ माझ्या शेजारी खाली बसलात, त्या कार्पेटवर, साडेतीन-चारशे माणसं आजूबाजूनी जातायत, त्यातले निम्मे तुम्हाला ओळखणारे. आणि म्हणालात, “तो प्रश्न परत सांगा. पूर्ण सांगा, मला घाई नाहीये.”

मी सांगितला. तुम्ही कॉन्फरन्सचं पुस्तक उलटं करून मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होतात, मी थांबले की तुमचं पेन थांबायचं. सगळं झाल्यावर तुम्ही ते मला मोठ्यानी वाचून दाखवलंत आणि विचारलंत, “मी बरोबर लिहिलंय ना?”

हे कोणी मला कधी विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत किती मीटिंगा झाल्या, किती फॉर्म भरले, सूचनांच्या पेट्या, सर्व्हे, आणि एकदाही कोणी माझं म्हणणं मला परत वाचून दाखवलं नाही. आणि त्यात एक चूक होती. तुम्ही लिहिलं होतं, “मुलाखतीला आल्या नाहीत.” मी जरा भीतभीतच म्हटलं की ताई, आल्या नाहीत असं नाहीये ते, फोन आमचा आहे हे त्यांना कळलंच नाही. तुम्ही एक सेकंद माझ्याकडे बघितलंत. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं की एकच झालं ते. तुम्ही ते वाक्य खोडलंत, वर नवीन लिहिलंत, आणि परत पहिल्यापासून वाचलंत, आणि परत विचारलंत, “आता?”

मी नुसती मान हलवली, बोलता येत नव्हतं.

मला तुम्हाला धन्यवाद म्हणायचेत ते या खोडलेल्या वाक्यासाठी. पुढे तुम्ही जे केलंत ते मोठं होतं, पण माझ्या मनात हेच राहिलंय. कारण आमचं सगळं काम त्या एका वाक्यावरच तर चालतं. ‘आल्या नाहीत’ असं फाइलमधे लिहिलं की दोष त्यांचा. ‘कळलं नाही’ लिहिलं की आम्हाला काहीतरी करावं लागतं.

मग आपण बोलत बसलो, तुमचं पुढचं सत्र तुम्ही चुकवलंत ते मला नंतर कळलं. तुम्ही सांगितलंत की तुम्ही कामाला लागलात तेव्हा अजून कागदी कुपनं होती, पुस्तकं मोजून काउंटरवरून द्यायची, आणि डॉलरच्या खालचे सुटे पैसे दुकानदार नाण्यांत द्यायचा. २००४ पर्यंत सगळीकडे कार्ड झालं आणि रांगेत सगळ्यांदेखत कुपनं फाडायची लाज गेली, हे फार चांगलं झालं असं तुम्ही म्हणालात. पण तेव्हा माणूस समोर यायचा हो, असंही म्हणालात. नोटीस कळली नसेल तर कपाळावरची आठी दिसायची, आपण विचारायचो. आता आठी दिसत नाही, म्हणून विचारायची सवय गेली. मला वाटतं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आणि एवढ्या वर पोचल्यावर पण ज्या माणसाला त्या आठ्या आठवतात तो माणूस मोठा. पद असलेली माणसं मी खूप बघितली, अशी फार थोडी. आणि अशी थोडी आहेत म्हणून हे सगळं चाललंय असं मला मनापासून वाटतं, कायदा कितीही चांगला केला तरी शेवटी फोनच्या एका टोकाला कोणीतरी माणूसच बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सत्रात तुम्ही स्लाइड लावलीच नाहीत. ते पुस्तक उलटं धरून माझा प्रश्न जसाच्या तसा वाचलात, आणि म्हणालात हा माझा नाही, चौथ्या रांगेत बसल्यात त्यांचा आहे. मग विचारलंत की तुमच्या राज्याचा पेमेंट एरर रेट कोणाला तोंडपाठ आहे, तर जवळजवळ सगळा हॉल हात वर. आणि केपर? चार-पाच हात असतील, बास. तुम्ही काही बोलला नाहीत, टोमणा नाही, भाषण नाही, नुसतं ते हात दिसू दिलेत. आदल्या दिवशीचे ते सूत्रसंचालक पहिल्या रांगेतच होते. त्यांचा हात खाली होता. मी मुद्दाम बघितलं, आणि हे लिहिताना मला वाईट पण वाटत नाहीये.

जेवणाच्या वेळी अकरा जण मला शोधत आले. त्यातल्या एका काउंटीच्या बाईंनी तर फोनमधे त्यांचा मेसेज दाखवला, फोन करायच्या आधी त्या पाठवतात तो, की थोड्या वेळात आमचा फोन येईल, अमुक नंबरवरून, उचला. एवढंच! हे आम्हाला तीन वर्षं ‘शक्य नाही’ म्हणून सांगत होते.

परत आल्यावर ऑफिसात काय काय झालं ते लांबवत नाही, तुम्ही पाठवलेला मेल आमच्या साहेबांना दाखवला, त्यात तुमच्या पदाचं नाव होतं त्याचाही उपयोग झाला असणार. सध्या फक्त आमच्या युनिटपुरतं सुरू केलंय, आधी मेसेज जातो, आणि वेळ बदलायची असेल तर कुठे फोन करायचा तो नंबर त्यातच असतो. नंबर अजून ‘प्रायव्हेट’च दिसतो, त्याचं काम फोन कंपनीकडे अडकलंय. पण परवा मी रात्रपाळीवाल्या एका माणसाला फोन केला, त्यानी मेसेज बघून वेळ दुपारी चारची करून घेतली होती. पहिल्या रिंगला उचलला. “हां, तुमचीच वाट बघत होतो” म्हणाला. मुलाखत संपल्यावर मी त्याचं सगळं म्हणणं त्याला वाचून दाखवलं, घरी किती माणसं, भाडं किती, तास कमी झालेत ते, आणि विचारलं, मी बरोबर लिहिलंय ना? तो म्हणाला, एक मिनिट, भाडं या महिन्यापासून वाढलंय. मी खोडलं आणि परत लिहिलं.

ताई, ते पुस्तक तुम्ही अजून टाकून दिलं नसेल तर मागच्या पानाचा एक फोटो पाठवाल का? नीट नसला तरी चालेल, फक्त ते खोडलेलं वाक्य दिसलं पाहिजे. मला ते फोनशेजारी लावायचंय.

तुमचीच,
चौथ्या रांगेतली