डबा कुठे बसून खातोस?

नगर,
बुधवार, रात्री

प्रिय अमोल,

सलाम.

शनिवारी रात्री मी बोलता बोलता फोन ठेवून दिला, त्याची आधी माफी मागतो. तू एवढी मोठी गोष्ट सांगत होतास आणि मी आवाज चढवला. तेव्हापासून तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो.

तू केलंस ते बरोबर केलंस. डांबराचा थर ५० मिलिमीटर हवा होता, कोअर म्हणजे रस्त्यातून नमुन्याचा तुकडा काढल्यावर ३२ भरला, आणि मोजमाप पुस्तकात ५० लिहून सही करायला तू नाही म्हणालास. "उद्यापासून साइटवर येऊ नका" म्हणाले, तर हेल्मेट टेबलावर ठेवून निघालास. रविवारी उपासनेत मी पुढच्या बाकावर मंडळीच्या पंचांच्या जागी बसलो होतो, पण उपदेशातला एक शब्द कानात शिरला नाही. माझ्या पोराने लिहिलं नाही, एवढंच डोक्यात. शेवटच्या भजनाला पेटी सुरू झाली तेव्हा मी उभा राहिलो खरा, पण गळा भरून आला होता, गाता आलं नाही. शेजारच्याला वाटलं, सर्दी झाली.

पण या गोष्टीला वीस दिवस झाले, अमोल. वीस दिवस तू सव्वाआठला डबा घेऊन घराबाहेर पडतोस. स्नेहलला सातवा महिना लागलाय. ती अवघडलेली बाई पहाटे उठते, पोळ्या लाटते, भाजी करते, आणि नवरा कामावर गेला असं धरून चालते. तो डबा तू कुठे बसून खातोस?

मी हे विचारणार नव्हतो. पत्राला बसताना ठरवलं होतं की फक्त शाबासकी द्यायची आणि हप्त्याला काही कमी पडलं तर सांग म्हणायचं. माझ्या मुदत ठेवीतले थोडे मोडता येतील, त्यावर वाद घालू नकोस. पण मला झोप उडवते ती हप्त्याची गोष्ट नाही.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू आपल्यामागे येणाऱ्यांना सांगतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. तू इंजिनियर, तुला ते माझ्याहून जास्त कळतं. शिष्य होणं म्हणजे हिशेब करून उचललेलं पाऊल. मग त्या हिशेबात स्नेहल कुठे आहे? हा खर्च तिच्याही पदरातून जाणार आहे. साइटवर खरं लिहायचं आणि घरी ताटावर बसून "आज खूप काम होतं" म्हणायचं, हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी शोभत नाही. प्रभूला तू बाहेर जो मान दिलास तो उंबऱ्याच्या आत

हे बघ, पुन्हा प्रवचन सुरू झालं. मम्मी असती तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं असतं. राहू दे. वरचं खोडत नाही, पण ते बापाच्या काळजीने लिहिलंय, पंचाच्या अधिकाराने नाही. तुला शिकवायचा अधिकार मला किती, ते आता सांगतो.

स्टँडजवळचे रसवंतीवाले काका तुला आठवतात ना? शाळा सुटली की तू आणि दिदी मम्मीचा पदर ओढून तिकडे न्यायचात. ते पूर्वी माझ्याबरोबर कंडक्टर होते. १९८८ चा उन्हाळा होता. सकाळच्या पहिल्या फेरीआधी एका वरिष्ठाने त्यांच्या पिशवीतून २०० रुपये घेतले, संध्याकाळी देतो म्हणून. मी शेजारीच उभा राहून माझा तिकिटांचा ट्रे लावत होतो. मी पाहिलं. दुपारी रस्त्यात लाइन चेकिंग आलं, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद आणि रोकड जुळेना, २०० कमी. चौकशी लागली. त्यांनी खरं ते सांगितलं आणि साक्षीला माझं नाव दिलं. मला आत बोलावलं, विचारलं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

तीन शब्द. मम्मीचं ऑपरेशन ठरलं होतं, दिदीची शाळा सुरू व्हायची होती, आणि ते वरिष्ठ माझ्या बदलीच्या कागदावर सही करणार होते. काकांना कामावरून काढलं.

त्याच आठवड्यात पहिला रविवार होता. प्रभुभोजनाला छोट्या प्याल्यांचा ट्रे बाकाबाकावरून मी फिरवला. हात कापत नव्हता. हे मला अजून खुपतं, की हात कापत नव्हता. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाचं मन आपल्याविषयी दुखावलेलं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, हे मला लहानपणापासून पाठ. संडे स्कूलमध्ये त्या पाठाला बक्षीस मिळालं होतं.

जायला मला अकरा वर्षं लागली. एका दुपारी रसवंतीवर गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सगळं बोललो. त्यांनी चरक थांबवला, ऐकून घेतलं, मग एक ग्लास धुतला, रस भरला आणि विचारलं, "बर्फ टाकू?" पैसे घेतले नाहीत. त्यांनी क्षमा केली की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

आणि मम्मीला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात ती विचारायची, "हा माणूस पोरांशी इतकं गोड बोलतो, तुमच्याकडे बघत का नाही?" मी म्हणायचो, स्वभाव असेल. अठ्ठावीस वर्षं आम्ही रोज रात्री दिव्याखाली पवित्र शास्त्र उघडून एकत्र वाचलं, गुडघे टेकले, आणि त्या सगळ्या रात्रींत एक पान मी तिच्यापासून झाकून ठेवलं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात सांगणार होतो. तिला दम लागत होता, म्हणून म्हटलं उद्या. तुला सगळ्यात आधी सांगतोय. दिदीलाही ठाऊक नाही.

म्हणून विचारतो, स्नेहलला सांगितलंस का?

मम्मीच्या कपाटात आपल्या ख्रिस्ती ज्ञानोदयाचे जुने अंक आहेत, त्यात कवी ना. वा. टिळकांवरचं काही आलं की ती पानाला खूण घालायची. आपल्या नगरात टिळकांचं नाव निघालं की माणसं ताठ होतात, त्यांची भजनं आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. केवढं धाडस होतं ते. पण मम्मी म्हणायची, "सगळे त्यांचंच धाडस सांगतात. मला ती बातमी मागून ऐकणारी त्यांची बायको लक्ष्मीबाई दिसते." लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाने, स्वतः पारखून. मधली वर्षं त्या बाईने काय सोसलं असेल. मम्मी हे भांडी घासता घासता बोलायची आणि मी पेपर वाचत हुं हुं करायचो. तेव्हा माझ्या पोटात काय होत असे, ते तिला कळलं असतं तर बरं झालं असतं.

स्नेहल भित्री नाही. लग्नाआधी तिच्या आजोळी कॅरलला गेलो होतो, तेव्हा वाटेत वीज गेली नि सगळे थांबले, तर हीच कंदील घेऊन पुढे झाली, आठवतं? तू तिला जपतोस असं तुला वाटतं. मीही मम्मीला जपतच होतो. स्नेहलला रक्तदाब आहे, डॉक्टरांनी ताण नको सांगितलंय, हे सगळं मान्य. तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर? तुझ्याबरोबरच्या त्या साताऱ्याच्या मुलाची बायको तिच्याशी रोज बोलते ना?

आता पुरे. पुन्हा पुन्हा तेच लिहितोय, दिसतंय मला.

घरचं: हंगामाच्या सणाला मळ्यातली दोन पायली बाजरी दिली. लिलावात एकाने दुपटीने घेतली आणि पुन्हा अर्पण केली. गुडघा बरा आहे. आत्याने मम्मीच्या मऊ साड्यांची चार दुपटी शिवली आहेत, निळी साडी मात्र मी कापू दिली नाही.

शनिवारी मी पुण्याला येतोय. सकाळी सातच्या एसटीने. पंच्याहत्तरी झाल्यापासून मला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, तरी अजून हातात आलं की आधी तारीख बघतो आणि मगच खिशात घालतो. बरोबर दुपटी असतील आणि स्नेहलसाठी बोरं.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकत नाही. आत्याचा मुलगा उद्या पुण्याला निघालाय, तो तुला बाहेर गाठून हातात देईल. पण शनिवारी तिने मला काही विचारलं, तर "माझं लक्ष नव्हतं" असं मी पुन्हा म्हणणार नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही, बाळा.

वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरेन. शनिवारी तुझी साइट असते असं तिला वाटत असेल, तेव्हा एकटा घ्यायला येऊ नकोस, मी रिक्षा करीन. यायचं तर दोघं या. तिला फार उभं ठेवू नकोस, बाकड्यावर बसव. आणि त्या दिवशीचा डबा बरोबर आण, तिघं मिळून खाऊ.

तुझे,
पप्पा