सिटी स्कॅन रात्रीही चालू राहू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयांत क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. नव्या यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो पेपरात दिसला की अजूनही पहिला प्रश्न हाच पडतो: रात्रपाळीला हे चालवणार कोण?

लकवा ओपीडीची वेळ बघून मारत नाही. तोंड वाकडे, हात लुळा, जीभ जड. पण मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की फुटली, हे नुसते पेशंटकडे बघून मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जिवावर बेतते. हा निवाडा साध्या सिटी स्कॅनवर काही मिनिटांत होतो, आणि इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला, एकूण मृत्यूंच्या १४.३ टक्के. मलेरियाचा म्हणून आपण ओळखतो त्या जिल्ह्यातली ही गोष्ट. यातले बहुतेक जण घरीच गेले. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. पेशंट मधे एकदा ‘रेफर’ झाला तरी साडेचार तास रस्त्यातच संपतात.

म्हणून सिटी स्कॅन दूरच्या तालुक्यांना जवळ पडेल अशा उपजिल्हा रुग्णालयांत हवा, चोवीस तास हवा, आणि ते इंजेक्शन त्याच इमारतीत हवे. रेडिओलॉजिस्ट तिथे नसला तरी अडत नाही, चित्रे मेडिकल कॉलेजला पाठवता येतात. पण रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असेल तर तो फाईलला लावण्यापुरताच. किती मिनिटांत रिपोर्ट द्यायचा हे कंत्राटात लिहा आणि प्रत्यक्षात किती लागली ते दरमहा जाहीर करा.

एमआरआयची गरज वेगळी. मणक्याच्या टीबीत साध्या एक्स-रेवर बदल दिसेपर्यंत हाड बरेच पोखरलेले असते. एमआरआयवर तो आधीच सापडतो, मज्जारज्जूवरचा दाबही दिसतो. वेळेत कळला तर बहुतेकांना गोळ्या पुरतात, उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देते; मग निदानाचा खर्च पेशंटच्या खिशातून का? ‘बाहेरून एमआरआय काढून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली की मजूर ती घडी करून ठेवतो आणि कमरेला मलम चोळून कामावर जातो.

मात्र माणसे न नेमता एमआरआय बसवू नका, ही विनंती. स्कॅन चालू नसला तरी त्यातला चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला तरुण यंत्राकडे खेचला जाऊन दगावला होता. तेव्हा तंत्रज्ञाइतकेच वॉर्डबॉयलाही प्रशिक्षण द्यावे लागेल. येत्या अर्थसंकल्पात यंत्रांचा आकडा सांगाल, तेव्हा त्याच ओळीत तंत्रज्ञांची किती पदे भरली तेही सांगावे.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ