बीजगणित कच्चे, कॅल्क्युलस कसे पक्के होणार?

महोदय,

बारावीला ९०च्या वर टक्के मिळवलेली मुले इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित विचारायला माझ्याकडे येतात. कॅल्क्युलसची सूत्रे तोंडपाठ. पण १/(क्ष² − १) चे इंटिग्रेशन आले, की छेदाचे अवयव पाडून आंशिक अपूर्णांक करताना (एका अपूर्णांकाचे सोप्या अपूर्णांकांत तुकडे पाडताना) हात थबकतो. क्ष²चे वर्गमूळ सर्रास ‘क्ष’ लिहितात. क्ष उणे असला तर? उत्तर |क्ष|, म्हणजे उणे चिन्ह सोडून क्षची किंमत, हवे. असमानतेला ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते (< चे > होते), हेही विसरतात. (पर्यायांवर टिक मारायची सवय, दुसरे काय!) इंदूरच्या महाविद्यालयांनी पहिल्या सत्राआधी १५ दिवस निव्वळ बीजगणिताची उजळणी घ्यावी, तीही कागदावर पायऱ्या लिहवून.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, रामबाग, इंदूर