डबा भरलेला परत जात होता, तरी आम्हाला कळले नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ताणतणावावर लेख येतात. 2024 साली तर त्या दिनाचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य असा होता. मी हे लेख मनापासून वाचते. पण त्यांत जी ऑफिसे असतात तिथे एचआर विभाग असतो, समुपदेशक असतो, रजेचे धोरण असते. आमच्याकडे एचआर म्हणजे मीच. भोसरी एमआयडीसीत आमचे सीएनसी जॉबवर्कचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देण्याचे, छोटे वर्कशॉप आहे. पाच मशीन, 19 माणसे. मशीन आणि गिऱ्हाईक यजमान बघतात. हजेरी, पगार, उचल, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) मी बघते. सगळे मला वहिनी म्हणतात, आणि घरातल्या वहिनीला जेवढे कळायला हवे तेवढेही मला कळले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा सेटर, म्हणजे नवीन जॉबसाठी मशीन लावून देणारा कारागीर, नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहे. लातूरकडचा, चौतिशीचा, दोन मुलांचा बाप. हात असा की नवीन जॉबचा पहिला पीस बहुधा पहिल्याच फटक्यात पास. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो गप्प झाला. खाडे वाढले. विचारले की "पित्त झालंय वहिनी" एवढेच सांगायचा. दुपारच्या सुट्टीत सगळी पोरे कम्प्रेसरच्या मागे गोल करून जेवतात, हा टूल रूममध्ये एकटा बसू लागला. डबा आणायचा, उघडायचा, झाकण लावायचा आणि भरलेला परत न्यायचा. मी ते पाहिले होते. जेवण बायकोशी भांडण म्हणून सोडले असेल, असे मनाशी म्हणून मी पगारपत्रक पुढे ओढले.

एकदा तो स्वतःहून ऑफिसात आला. हजेरीच्या वहीवर बोट फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, रात्री झोपच लागत नाही हो." मी म्हटले, "अरे, गुरुवारी सुट्टी आहे, झोप की पोटभर." तो हसला आणि गेला. त्याला ते तोंडून काढायला किती दिवस लागले असतील, याचा विचार आज करते तेव्हा जीव कासावीस होतो.

पुढच्याच आठवड्यात तो रात्रपाळीला होता. बोअर म्हणजे जॉबमधले भोक कापणारे टूल झिजले म्हणून त्याने ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचे तो आकडा, बदलला आणि तो गरजेपेक्षा मोठा टाकला. बोअर लहान राहिला तर पुन्हा मशीन करता येतो. मोठा झाला की जॉब भंगार. सकाळी सहाला यजमान गेले तर ट्रेमध्ये बिघडलेल्या जॉबची रांग लागलेली आणि हा मायक्रोमीटर हातात धरून बसलेला. हात इतका थरथरत होता की त्याला रीडिंग घेता येत नव्हते. तेच ते पीस तो पुन्हा पुन्हा मोजत होता. 62 पीस रिजेक्ट झाले. गिऱ्हाइकाने डेबिट नोट पाठवली, म्हणजे नुकसान आमच्या बिलातून वजा केले, आणि मी त्याच्या पगारातून 6,000 रुपये तीन हप्त्यांत कापायचे ठरवले. पहिला हप्ता कापलाही. ते पैसे नंतर परत केले, पण कापले होते हे खरे.

त्याच्या बायकोचा फोन आला तो या पहिल्या हप्त्यानंतर. "वहिनी, ते म्हणतात मी नसलो तरी तुमचं चालेल. मला भीती वाटते." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघे त्याच्या खोलीवर गेलो. डॉक्टरकडे जाऊ म्हटल्यावर त्याने एकच विचारले, "मला येरवड्याला नेताय का?" पुण्यात राहणाऱ्या कुणालाही या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. येरवड्यात मनोरुग्णालय आहे, आणि तिथे उपचार होतात हे विसरून आपण त्या गावाचे नाव शिवीसारखे वापरले आहे. त्याला आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेले. गुरुवार असल्याने कुणाचा खाडा पडला नाही. आपल्या पट्ट्यातल्या गुरुवारच्या सुट्टीचा हा फायदा माझ्या तोवर लक्षातच आला नव्हता: बाकीचे पुणे त्या दिवशी चालू असते.

डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मनाने बंद करायच्या नाहीत, रात्रपाळी बंद, आणि सुस्ती असेपर्यंत मशीनवर उभे राहायचे नाही असे सांगितले. हे शेवटचे दोन नियम मालकाने ऐकले तरच पाळता येतात. आम्ही त्याला इन्स्पेक्शन टेबलवर बसवले, पगार तोच ठेवला. रात्रीचे सेटिंग यजमानांनी आणि एका ऑपरेटरने वाटून घेतले. दोन महिने जड गेले. पण 19 माणसांच्या जागेत माणूस इकडून तिकडे हलवायला कुणाची मंजुरी लागत नाही, एवढे आम्हाला तेव्हा उमगले.

आता पैशाचे. दहा किंवा जास्त माणसे असली की ईएसआय लागू होते, आमच्याकडून 3.25 टक्के आणि कामगाराकडून 0.75 टक्के जाते. मी दर महिन्याला चलन भरते, तरी त्यात काय मिळते हे मला नीट माहीत नव्हते. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात. आणि क्षयरोग, कर्करोग यांच्यासारख्या दीर्घ आजारांची जी यादी आहे तिच्यात स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्याचे काही प्रकारही आहेत. त्यांत पात्र कामगाराला जास्त काळ 80 टक्के मिळू शकतात. आमच्या कुणालाच हे ठाऊक नव्हते. म्हणजे माणूस मनाने आजारी असताना अर्जावर "पोटदुखी" लिहितो आणि त्याच्याच पैशाने घेतलेला हक्क सोडून देतो.

आमच्या सेटरला मात्र यातले काही मिळाले नाही, कारण तो चांगला कारागीर आहे. ईएसआयची महिन्याच्या पगाराची मर्यादा जानेवारी 2017 मध्ये 21,000 रुपये झाली. त्याचा पगार तिच्या पलीकडे गेला आणि तो योजनेबाहेर पडला. हात बसलेला माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याच्या अंगावरचे पांघरूण काढून घेतले जाते. ही मर्यादा पगारांबरोबर वाढत राहिली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. नंतर आम्ही अशा चौघांसाठी ग्रुप मेडिक्लेम घेतला. एजंट म्हणाला, मानसिक आजार यात बसत नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने शारीरिक आजाराला जसे संरक्षण द्यायचे तसेच मानसिक आजारालाही द्यायचे आहे. मी कलम दाखवल्यावर त्याने पॉलिसी उघडून पाहिली; तरतूद होती. मात्र ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशातून.

1948 च्या कारखाना कायद्याने कल्याण अधिकारी नेमायचा तो 500 कामगारांपासून. 2020 च्या नव्या कामगार संहितेत तो आकडा 250 वर आला. आमच्या गल्लीत कुणाकडे 12, कुणाकडे 30, कुणाकडे फार तर 50 माणसे. आम्हाला असा अधिकारी परवडणार नाही हे मान्य. पण 30 वर्कशॉपनी महिन्याला प्रत्येकी हजार रुपये काढले तर 30,000 होतात. एवढ्यात एक समुपदेशक दर आठवड्याला काही तास येऊन बसू शकेल. बसायची जागा मालकाच्या केबिनशेजारी नको, वर्कशॉपमध्येही नको. कोण गेले हे मालकाला कळता कामा नये. औद्योगिक संघटनांकडे सभागृहे आहेत, त्यांतली एक खोली द्यावी. दिवाळीचे गिफ्ट आणि क्रिकेटचे सामने आम्ही एकत्र येऊन करतोच, हेही करू. माझी पहिली वर्गणी तयार आहे.

तोवर हजेरीच्या पंचिंग मशीनच्या वर मी 14416 हा नंबर मोठ्या अक्षरांत लावला आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीसह 20 भाषांत. आमच्याकडे ओडिशाचे तिघे आहेत. गाव इतके लांब की त्यांचे दुखणे आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांना ओडियात बोलता येते हे मी मुद्दाम सांगितले. सलग दोन आठवडे रात्रपाळी आणि तिच्यावर डबल ड्यूटी आम्ही बंद केली. तसे करताना एक ऑर्डर सोडावी लागली.

इथे मोठ्या कंपन्यांनाही सांगायचे आहे. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहे. आम्हाला 100-120 दिवस थांबावे लागते. पगाराच्या आदल्या रात्री यजमान गॅलरीत फेऱ्या मारतात, आणि सकाळी तीच रात्र वर्कशॉपमध्ये कुणाच्या तरी अंगावर ओरडते. आमच्या माणसांच्या मनाची काळजी मला घ्यायची आहे. तुमचा चेक वेळेवर आला तर ती मी अधिक चांगली घेईन.

सेटर आता मशीनवर परतला आहे, दिवसपाळीला. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या आहेत. हे पत्र त्याला वाचून दाखवले आणि त्याच्या होकारानेच पाठवत आहे. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. मी आधी 64 पीस लिहिले होते. "वहिनी, 62 होते. दोन नंतर पास झाले," तो म्हणाला.

त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
भोसरी एमआयडीसीतील एक वाचक